गुंद्रादाचं माहेर कुठलं? मध्ययुगीन वादग्रस्त वंशावळ तपासायची तर अशी तपासा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत, ब्रायटनहून रेल्वेनं साधारण पाव तासावर लुइस नावाचं गाव आहे. मुलीकडे सहा महिने राहायला गेले होते, तेव्हा तिथल्या साउथओव्हर भागातल्या चर्चमध्ये मी पहिल्यांदा गुंद्रादाची समाधीशिळा पाहिली. काळा दगड, त्यावर कोरलेली पानं आणि सिंहांची मुखं, चारी कडांनी आणि मधोमध लॅटिन अक्षरं. मजकूर वाचायचा तर दगडाभोवती फिरावं लागतं. मी तीन फेऱ्या मारल्या आणि पहिलं नाव तेवढं लागलं: गुंद्रादा.

घरी येऊन इंटरनेटवर शोधलं, तर डझनभर वंशवृक्षांत ती ‘विल्यम द काँकररची मुलगी’ म्हणून नोंदलेली. मीही वहीत तसंच लिहून घेतलं आणि त्याच्यावर राजाचे पूर्वज जोडत गेले. चार महिन्यांनी ती सगळी पानं रद्द करावी लागली. युरोपातल्या मध्ययुगीन घराण्यांच्या वंशावळी बघायला नव्यानं सुरुवात करणाऱ्यांचा हा वेळ वाचावा म्हणून मी कोणत्या क्रमानं गेले आणि कोणत्या क्रमानं जायला हवं होतं, ते लिहिते आहे. उदाहरण गुंद्रादाचंच घेते, कारण या एका बाईच्या वादात खोटा शब्द घुसवलेली सनद, उत्तरकालीन नक्कल, समकालीन पत्र आणि थोर इतिहासकारानं मागे घेतलेलं मत, असं सगळंच आहे.

गुंद्रादा ही विल्यम द वॉरेन या नॉर्मन सरदाराची बायको. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि वॉरेनला ससेक्स, नॉर्फक, यॉर्कशर अशा भागांत मोठ्या जमिनी मिळाल्या. नवराबायको रोमच्या यात्रेला निघाले होते, पण पोप आणि सम्राट यांच्यातल्या लढाईमुळे वाट बंद झाली, म्हणून ती दोघं फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठात थांबली. तिथली शिस्त त्यांच्या मनात इतकी भरली, की त्यांनी मठाधिपती ह्यूकडून भिक्षू मागवून लुइसला मठ स्थापन केला. इंग्लंडमधला क्लूनी पंथाचा हा पहिला मठ. गुंद्रादा १०८५ मध्ये नॉर्फकमधल्या कॅसल एकर इथं वारली, आणि लुइसच्या मठात तिला पुरलं.

इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो तिच्या माहेराचा. तीन दावे आहेत. एक, ती विल्यम राजा आणि राणी मटिल्डा यांची मुलगी. दोन, ती मटिल्डाची, पण आधीच्या कुठल्यातरी लग्नाची, म्हणजे राजाची सावत्र मुलगी. तीन, राजघराण्याशी तिचं असं नातं नव्हतंच. ती फ्लँडर्समधल्या (आजच्या बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सच्या भागातल्या) गेरबॉद नावाच्या घराण्यातली.

सुरुवातीला जवळ काय हवं

- एक जाड वही किंवा संगणकावरचा तक्ता. वंशवृक्षाचं सॉफ्टवेअर इतक्यात नको. त्यात बापाचा रकाना रिकामा दिसला की हात भरायला शिवशिवतात.
- लॅटिन शब्दकोश. भाषा येत नसली तरी नात्याचे शब्द ओळखता आले पाहिजेत: फिलिया म्हणजे मुलगी, सोरोर बहीण, माटेर आई, उक्सोर बायको. ‘नेप्टिस’ दिसला तर थांबा. त्याचा अर्थ नात, भाची, पुतणी यांपैकी काहीही असू शकतो.
- लुइस मठाच्या दानपत्रांच्या संग्रहाचं छापील इंग्रजी भाषांतर. ससेक्स रेकॉर्ड सोसायटीनं ते १९३० च्या दशकात काढलं.
- ऑर्डेरिक विटालिस या भिक्षूनं लिहिलेल्या इतिहासाचा अनुवाद.
- १०८६ ची डूम्सडे बुक ही जमीनपाहणी. ती इंटरनेटवर गावानिशी शोधता येते.
- लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीचा वाचक-पास. मूळ हस्तलिखितापर्यंत जायची वेळ आली तरच लागतो. पैसे पडत नाहीत, नाव आणि पत्ता सिद्ध करणारी कागदपत्रं मात्र न्यावी लागतात.

१. माणूस एकच आहे ना, ते ठरवा

कागदोकागदी हिचं नाव बदलतं: गुंद्रादा, गुंद्रेडा, गुंड्रेड. लॅटिनमध्ये विभक्तीप्रमाणे शेवट बदलतो, त्यामुळे ‘गुंद्रेडे’ दिसलं तर ही दुसरी कोणी नव्हे. प्रत्येक रूप वहीत टिपून ठेवा, नाहीतर सूची चाळताना अर्धे उल्लेख हातून सुटतात.

पदव्यांच्या बाबतीत याहून सावध राहा. जवळपास प्रत्येक वंशवृक्षात ती ‘काउंटेस ऑफ सरे’, म्हणजे सरेच्या अर्लची बायको, आहे. तिच्या नवऱ्याला सरेची अर्ल ही पदवी मिळाली १०८८ मध्ये, ती वारल्यानंतर तीन वर्षांनी. त्याच वर्षी तोही गेला. तेव्हा जो कागद तिच्या हयातीतला म्हणवतो आणि तिला काउंटेस म्हणतो, त्यावर तिथंच खूण करा.

२. तारखांचा तक्ता मांडा

पहिल्या स्तंभात वर्ष, दुसऱ्यात घटना, तिसऱ्यात ‘कशावरून’. तिसरा स्तंभ कधीही रिकामा ठेवू नका. माझा तक्ता असा झाला: १०४९ मध्ये ऱ्हँसच्या धर्मसभेत पोपनं फ्लँडर्सच्या काउंट बाल्डविनला मटिल्डाचं लग्न विल्यमशी लावायला मनाई केली. त्यानंतर दोनेक वर्षांत ते लग्न झालंच. १०६६ विजय. १०७० गेरबॉद या फ्लँडर्सच्या सरदाराला इंग्लंडमधल्या चेस्टरची जहागीर. १०७७ लुइसला क्लूनीचे भिक्षू. १०८३ मटिल्डाचा मृत्यू. १०८५ गुंद्रादाचा. १०८७ राजाचा. १०८८ वॉरेनचा.

तारीख काढताना रोमन पद्धत माहीत असायला हवी. शिळेवर मृत्यूचा दिवस ‘जूनच्या कॅलेंड्सपूर्वीचा सहावा’ असा दिला आहे. कॅलेंड्स म्हणजे महिन्याची पहिली तारीख, आणि मागे मोजताना १ जून स्वतः धरायचा. १ जून, ३१ मे, ३०, २९, २८, २७. सहावा दिवस २७ मे. सवयीप्रमाणे सहा वजा केलेत तर २६ येतो आणि एका दिवसानं चुकता.

३. प्रत्येक कागदाला चार प्रश्न विचारा

कोणी लिहिला? कधी लिहिला? हातात आहे तो अस्सल की नक्कल? आणि त्यातल्या मजकुराचा फायदा कोणाला? मोडी कागद हाताळणाऱ्या मराठी अभ्यासकाला हे सांगायला नको. बखरीत लिहिलंय आणि त्या काळच्या पत्रात लिहिलंय, यात फरक असतो हे आपल्याकडे शाळेपासून कानावर पडतं. इंग्रजी वंशवृक्ष बघताना मात्र मी ते साफ विसरले होते.

राजकन्येच्या दाव्यामागे मुख्यतः दोन कागद आहेत.

पहिला, विल्यम राजानं नॉर्फकमधलं वॉल्टन लुइसच्या मठाला दिल्याची सनद. तीत वॉरेन आणि ‘त्याची बायको गुंद्रेडा’ यांचा उल्लेख आहे आणि पुढे ‘फिलिए मेए’, म्हणजे ‘माझी मुलगी’, असे शब्द. छापील पुस्तकात हे वाचलं की वाटतं, खुद्द राजाच म्हणतोय, आता वाद कसला? पण छापखान्याच्या अक्षरात सगळ्या ओळी सारख्या दिसतात. मूळ चर्मपत्रावर हे दोन शब्द ओळीत नाहीत. ते ओळीच्या वर, नंतर घातलेले आहेत. आपल्या भाषेत क्षेपक. ते काढून वाक्य वाचलं तर कुठंही अडखळत नाही: वॉरेन आणि त्याची बायको गुंद्रेडा. म्हणून छापील आवृत्ती वाचताना तळटीपा आधी वाचायच्या. ‘ओळीवर लिहिलेले’, ‘दुसऱ्या हातचे’, ‘खाडाखोड’ अशा खुणा संपादक तिथंच देतो.

दुसरा कागद म्हणजे खुद्द वॉरेनचं म्हणून सांगितलं जाणारं मठाच्या स्थापनेचं दानपत्र. यात तो राणी मटिल्डाला ‘माझ्या बायकोची आई’ म्हणतो. पण आपल्यापर्यंत हा मजकूर आला तो १५ व्या शतकातल्या नकलेतून. म्हणजे गुंद्रादा जाऊन सव्वातीनशेहून जास्त वर्षं झाल्यावर, तिच्याच मठात, ज्याची प्रतिष्ठा तिच्या कुळावर वाढणार होती त्या लोकांनी उतरवलेला. चौथा प्रश्न इथं उपयोगी पडतो. आपली संस्थापिका राजाची मुलगी असणं कुठल्याही मठाला आवडेल.

याच नकलेत एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. वॉरेन राजाला ‘मला या भूमीत आणणारा माझा स्वामी’ म्हणतो, सासरा म्हणत नाही. पुढे दुसरा दावा जन्मला तो इथूनच, त्याबद्दल सातव्या पायरीत.

४. आईबाप सापडत नसतील तर भाऊ शोधा

मध्ययुगातल्या बायकांच्या बाबतीत ही सगळ्यात फलदायी वाट. बायकोचा बाप कोण हे लिहायची लेखकाला गरज वाटत नाही, पण मेहुणा कोण हे तो सांगून जातो, कारण मेहुण्याला जहागीर मिळते, मेहुणा लढाईत पडतो.

ऑर्डेरिक विटालिसचा जन्म १०७५ मध्ये श्रूजबरीजवळचा. गुंद्रादा वारली त्याच वर्षी, दहा वर्षांचा असताना, त्याला नॉर्मंडीतल्या सेंत-एव्रूलच्या मठात पाठवलं. पुढे त्यानं नॉर्मन लोकांचा मोठा इतिहास लिहिला. तो म्हणतो, वॉरेनची बायको गुंद्रेडा ही गेरबॉदची बहीण. आणि हा गेरबॉद म्हणजे ज्याला राजानं चेस्टर दिलं तो ‘फ्लेमिश’, फ्लँडर्सचा. वर्षभरात तो परत फ्लँडर्सला गेला आणि तिथं शत्रूच्या हाती सापडला. १०७१ मध्ये चेस्टर दुसऱ्याकडे गेलं.

आता जोडून बघा. गुंद्रादा राजाची मुलगी असती तर तिचा सख्खा भाऊ राजपुत्र ठरला असता. मटिल्डाची असती तर राजाचा सावत्र मुलगा. राजघराण्यातली अंतर्गत नाती बारकाईनं टिपणारा ऑर्डेरिक गेरबॉदला चेस्टर मिळाल्याचं लिहितो आणि तो राजाच्या घरातला होता हे एका शब्दानंही लिहीत नाही, हे पटत नाही.

दुसरा भाऊ फ्रेडरिक. वॉरेन घराण्याशी जवळीक असलेल्या १२ व्या शतकातल्या एका बखरीत गेरबॉद, फ्रेडरिक आणि गुंद्रादा ही भावंडं म्हणून येतात. बंडखोर हेरेवर्डच्या हातून फ्रेडरिक मारला गेला. डूम्सडेमध्ये नॉर्फकची पानं उघडा. वॉरेनच्या जमिनींपैकी काही ‘फ्रेडरिकच्या जहागिरीतल्या’ म्हणून नोंदलेल्या दिसतील. मेव्हण्याची जमीन बहिणीच्या घरी आली. महसुली नोंद लिहिणाऱ्याला वंशावळीशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणूनच ती साक्ष मला मोलाची वाटते.

५. उलट बाजूनं तपासा: लग्नाला आडकाठी आली का?

एवढी एकच पायरी करायची तुमची तयारी असेल, तर ही करा.

विल्यम राजाचा धाकटा मुलगा हेन्री पुढे ११०० मध्ये गादीवर आला. त्याला आपली एक अनौरस मुलगी विल्यम द वॉरेनला द्यायची होती. हा वॉरेन दुसरा, म्हणजे गुंद्रादाचा थोरला मुलगा. हेन्रीनं कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याचा सल्ला विचारला. अन्सेल्मचं उत्तर टिकून आहे. तो म्हणतो, हे लग्न होता कामा नये, कारण दोघं एका बाजूनं चौथ्या पिढीत आणि दुसऱ्या बाजूनं सहाव्या पिढीत नातलग लागतात.

वहीत दोन वंशरेषा काढा. समजा गुंद्रादा विल्यम राजाची मुलगी. मग हेन्री हा वॉरेनचा मामा, आणि नवरी मामेबहीण. आपल्याकडे अनेक घरांत मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा, त्यामुळे मराठी वाचकाच्या नजरेला यात काही खटकणार नाही. म्हणूनच तेव्हाचा चर्चचा नियम आधी समजून घ्यावा लागतो. त्या काळी सातव्या पिढीपर्यंतच्या नात्यात लग्नाला मनाई होती, आणि मोजायचं समान पूर्वजापासून खाली: भावंडं पहिली पिढी, चुलत-मामे-आते भावंडं दुसरी, त्यांची मुलं तिसरी.

या मोजणीनं मामेबहीण-आतेभाऊ दुसऱ्या पिढीत येतात. अन्सेल्म लिहितो चौथी आणि सहावी. दुसऱ्या पिढीची उघडी आडकाठी समोर असताना चौथ्या-सहाव्याचा दाखला कोण देईल? ‘ती तुमच्या सख्ख्या बहिणीच्या मुलाला कशी देता?’ एवढंच तो विचारता. आणि गुंद्रादा फक्त मटिल्डाची मुलगी असती, तरी हेन्री तिचा सावत्र भाऊ, म्हणजे नवरानवरी पुन्हा दुसऱ्याच पिढीत. एका पत्रानं दोन्ही दावे पडतात.

हे पत्र मला ज्या संध्याकाळी नीट समजलं, त्या संध्याकाळी मी मुलीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर या दोन रेषा चार वेळा काढून पाहिल्या. गुंद्रादाच्या आईबापांबद्दल पत्रात अक्षरही नाही, आणि तरी एवढी ठाम साक्ष दुसऱ्या कुठल्याच कागदात नाही. लिहिणाऱ्याला वंशावळ सिद्ध करायची नव्हती, समोर खरंखुरं लग्न होतं, आणि लिहिणारा व विचारणारा दोघांनाही खरं नातं ठाऊक होतं.

तुमच्या हातात दुसरी कुठली बाई असेल तरी हेच करा. तिच्या मुलानातवंडांची लग्नं काढा, ज्या घराशी तिचं रक्ताचं नातं सांगितलं जातं त्याच घरात सोयरीक जुळवायचा विचार झाला का बघा, आणि चर्चनं परवानगी किंवा मनाई कशाच्या आधारे दिली, की झालेलं लग्न कशाच्या आधारे रद्द ठरवलं, ते वाचा.

६. दगडाला पेलेल तेवढंच विचारा

शिळेची सुरुवात ‘स्टिर्प्स गुंद्रादा डुकुम’ अशी आहे: गुंद्रादा, ड्यूकांच्या वंशातली. राजकन्येच्या बाजूचे लोक हे शब्द पुढे करतात, कारण विल्यम नॉर्मंडीचा ड्यूक होता. पण ही शिळा १२ व्या शतकाच्या मध्याची, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर दोन पिढ्यांनी कोरलेली, आणि मजकूर म्हणजे स्तुतिपर पद्य. गरिबांसाठी ती मार्था होती, भक्तीनं मेरी होती, अशा बायबलमधल्या दोन बहिणींशी तुलना करणाऱ्या ओळी त्यात आहेत. आणि इंग्लंडच्या राजाची मुलगी असती तर स्तुती करणारा कवी ‘राजांच्या वंशातली’ हे मोठं बिरूद सोडून ‘ड्यूकांच्या’ का म्हणेल?

शिळेचा प्रवासही माहीत हवा. मठ आठव्या हेन्रीच्या काळात पाडला गेला. शिळा इसफील्डच्या चर्चमध्ये एका दुसऱ्याच माणसाच्या कबरीवर बसवलेली निघाली आणि १८ व्या शतकात साउथओव्हरला आली. ऑक्टोबर १८४५ मध्ये रेल्वेमार्गासाठी मठाची जागा खणताना मजुरांना शिशाच्या दोन पेट्या सापडल्या, एकीवर ‘गुंद्रादा’ आणि दुसरीवर ‘विल्यम’ असं लॅटिन नाव. पेट्या पुरत्या तीन फुटांच्याही नाहीत. मूळ कबरीतून अस्थी काढून त्यात नंतर ठेवल्या असणार. आज त्या शिळेजवळच आहेत. त्यांवरून ती तिथं पुरली होती हे पक्कं होतं. तिचा बाप कोण, हे त्या सांगू शकत नाहीत.

७. जुने वाद ज्या क्रमानं झाले त्याच क्रमानं वाचा

मी शेवटचा लेख आधी वाचला आणि तो कोणाला उत्तर देतोय हेच कळेना. १८४६ मध्ये थॉमस स्टेपलटननं दाखवलं, की ती विल्यमची मुलगी नाही. पण ‘माझ्या बायकोची आई’ हे शब्द खरे धरून त्यानं मटिल्डाचं आधी थोरल्या गेरबॉदशी, म्हणजे या भावंडांच्या बापाशी, लग्न झालं होतं असं मांडलं. १०४९ च्या मनाईचं कारणही त्यात बसवता येत होतं. अडचण अशी, की मटिल्डाच्या अशा पहिल्या लग्नाचा उल्लेख कुठल्याही समकालीन लेखकाकडे नाही. १८८० च्या दशकात चेस्टर वॉटर्स नावाच्या अभ्यासकानं ती मटिल्डाचीही मुलगी नाही अशी बाजू मांडली. नॉर्मन विजयाचा मोठा इतिहास लिहिणाऱ्या एडवर्ड फ्रीमननं आधी स्टेपलटनची बाजू घेतली होती. १८८८ मध्ये त्यानं सगळे पुरावे पुन्हा तपासून लेख लिहिला आणि आपलं मत बदललं. स्वतःचं छापलेलं मत इतक्या उघडपणे मागे घेणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्याचा लेख अवघड आहे, तरी वाचाच. अन्सेल्मच्या पत्राचा उपयोग कसा करायचा ते तिथं शिकायला मिळतं.

त्या क्रमाबाहेरचे, ‘घराण्याच्या परंपरेनुसार’ असं म्हणून सुरू होणारे मजकूर बाजूला ठेवले तरी चालतात. शंभर वंशवृक्षांत एकच नोंद दिसली तर ते शंभर पुरावे नसतात; बहुतेक एकाच चुकीच्या शंभर नकला असतात.

८. नोंद अशी करा

बापाच्या रकान्यात एकच नाव टाकून मोकळं होऊ नका. माझ्या वहीत आता असं आहे:

भाऊ: गेरबॉद, काही काळ चेस्टरचा अर्ल, फ्रेडरिक. आधार भक्कम.

वडील: बहुधा गेरबॉद, सेंत-ओमेरच्या सेंत बेर्तां मठाचा वंशपरंपरागत संरक्षक अधिकारी. थेट पुरावा नाही. मुलाचं नाव आणि फ्लँडर्सचं मूळ यांवरून.

आई: रकाना रिकामा.

विल्यम राजा: नाही. राणी मटिल्डा: नाही. आधार अन्सेल्मचं पत्र, जोडीला ऑर्डेरिक.

सॉफ्टवेअरमध्ये भरताना ‘बहुधा’ हा शब्द नावाच्या रकान्यातच लिहा. टिपेत लिहिलात तर दुसरा कोणी नोंद उतरवून घेताना टीप मागेच राहते. आणि साउथओव्हरला जाणार असाल तर शिळेच्या मजकुराची छापील प्रत सोबत न्या. दगड एका टोकाला फुटलेला आहे आणि काही अक्षरं गेलेली आहेत. ‘स्टिर्प्स’ कुठं आहे ते आधी शोधा आणि तिथून कडेकडेनं चालत वाचा.